पश्चिमेची चौकट

जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफिसच्या मागची पाण्याची टाकी ऑफिसच्या पुढे आली. मागचीही जागेवरच होती. म्हणजे टाकी एकच, पण ती पूर्वेलाही होती आणि पश्चिमेलाही. मी डबा विसळून हात पुसत खिडकीशी आले तेव्हा रस्त्याच्या जागी तिचे सिमेंटचे खांब दिसले. एका खांबावर कुणीतरी खडूनं 'येथे गाडी लावू नये' असं लिहिलंय, तेसुद्धा तसंच, त्याच अक्षरात. टाकीच्या पलीकडे आमचं घर असायला हवं होतं. पलीकडे काही नव्हतं.

मी जागेवर येऊन स्क्रीन पाहिली. पश्चिमेच्या चौकटीत सकाळी मी 'आमचे घर' असं लिहिलं होतं. तिथं आता 'पाण्याची टाकी' असं होतं.

मला फार नवल वाटलं नाही. नवल वाटायलाही थोडी ताकद लागते, आणि माझी सगळी ताकद सध्या आईच्या खाटेभोवती संपत होती.

आमची कंपनी लहान, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची. नगरपालिकांना लागणारे अर्ज आम्ही संगणकावर भरता येतील असे करून देतो. सध्याचा अर्ज जागेची हद्द दुरुस्त करून घेण्याचा होता. खरेदीखतात असते तशी चतुःसीमा त्यात भरायची. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. चार दिशांच्या चार चौकटी. चौकटीत लिहिलेलं आतल्या नोंदीत जावं आणि नोंदीत बदललेलं चौकटीत दिसावं, म्हणून त्या दोघांची गाठ घालावी लागते. तिला बाइंडिंग म्हणतात. गाठ घालायचं काम तबस्सुमचं, आणि ती नीट बसली का ते बघायचं काम माझं. लोकांच्या हाती जाण्याआधी मी तो अर्ज नाना तऱ्हांनी भरते. अर्धा भरते, शेवटाकडून भरते, रिकामा ठेवते, आणि कुठं मोडतो ते लिहून कळवते.

बाकीचे तपासताना चौकटीत अ ब क असं काहीही टाकतात. मला ते जमत नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा लहानपणापासूनचा नियम आहे, आणि लिहिलेलं हेही बोललेलंच, असं मी धरते. त्यामुळे चतुःसीमेच्या चौकटी समोर आल्या तेव्हा मी माझी खरी चतुःसीमा भरली.

ती मला पाठच होती. रोज सकाळी देवळातून निघताना मी दिवसाची हद्द बांधून घेते. आम्हा जैनांत हे एक व्रत आहे. आज या दिशेला इथवर जाईन, त्या दिशेला तिथवर, सूर्य मावळेपर्यंत त्यापलीकडे नाही. त्यापलीकडच्या मुंग्या तेवढा दिवस तरी माझ्या पायाखाली येत नाहीत. एकदा हद्द बांधली की पलीकडे माणूस पाठवायचा नाही, हाक मारायची नाही, हात दाखवायचा नाही, खडासुद्धा टाकायचा नाही. दिवसात हद्द आणखी आत घेता येते, बाहेर सरकवता येत नाही. माझी हद्द बरीच वर्षं एकच आहे. पूर्वेस ऑफिसमागची टाकी, पश्चिमेस आमचं घर, दक्षिणेस रेल्वे गेट, उत्तरेस हळदीची गोदामं. यापलीकडे मला कधी काम पडत नाही.

तबस्सुमला बोलावून मी आधी स्क्रीन दाखवली, मग खिडकी दाखवली. तिनं दोन्ही नीट पाहिलं, ओढणी मागे टाकली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"ही माझी चूक, ताई," ती म्हणाली. "पूर्वेची ओळ उचलून पश्चिमेला चिकटवली आणि नाव बदलायचं राहिलं. दोन्ही चौकटी एकाच नोंदीला बांधल्यात."

"म्हणजे पूर्वेला लिहिलं की ते पश्चिमेला जातं."

"जातं. त्यात सकाळी मी गाठ दुहेरी केली. आत बदललं की बाहेर बदलतं, बाहेर बदललं की आत."

बाहेर म्हणजे कुठलं बाहेर, ते मी विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं की मला सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचंय.

हे तिला माहीत होतं. सगळ्या ऑफिसला माहीत आहे. सूर्य मावळल्यावर आम्ही अन्न घेत नाही, आई तर पाणीही घेत नाही. त्यातही आईचा आणखी एक नियम आहे. पाणी माझ्या हातचं, मी गाळलेलं, तेवढंच. शेजारच्या चेलनावहिनी दिवसभर तिच्याजवळ बसतात, पंखा लावतात, उशी सरकवतात, पण त्यांनी पेला पुढे केला की आई भिंतीकडे तोंड करते. काल तिनं उपवास धरला होता, पाण्याचा थेंब न घेता. मी नको म्हटलं होतं. आज सकाळी तो सोडताना दोन घोट घेतले आणि तेही उलटले. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. आज संध्याकाळी पोटात पाणी गेलंच पाहिजे, म्हणाले, उद्या सकाळपर्यंत थांबण्यासारखं हे नाही.

सूर्य मावळला की माझी हद्द सुटते. मग मी कुठंही जाऊ शकते. पण तेव्हा आईचं तोंड मिटलेलं असतं.

"आमच्यात रमजानला सूर्य बुडायची वाट बघतात," तबस्सुम एकदा म्हणाली होती, "आणि तुम्ही रोज तो बुडू नये म्हणून धावता. त्या बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?"

आज ती तसं काही म्हणाली नाही. ती कोड उघडून बसली आणि मी पिशवी घेतली. पिशवीत सकाळी उकळून ठेवलेलं पाणी तांब्यात असतं, एक पेला आणि गाळायचं फडकं असतं. ते मी कुठंही गेले तरी बरोबर असतं. म्हटलं, चालून तरी बघू. पुढच्या दारानं बाहेर पडले, टाकीच्या खांबांमधून वाकून पलीकडे गेले, आणि ऑफिसच्या मागच्या दारानं आत आले. मध्ये रस्ता लागला नाही.

मागच्या खोलीत आमचे मगदूम साहेब बसतात. कंपनी त्यांची. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बिरनाळे मॅडम, इकडून कुठून?"

मी सांगितलं की मी पश्चिमेला गेले होते.

"चप्पल पुसून या आत. टाकीखाली चिखल असतो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही, आईच्या आजारपणात त्यांनी कधी सुट्टी अडवली नाही. पण आज संध्याकाळी अर्ज लोकांसाठी खुला व्हायचा होता आणि त्यांनी तसा शब्द दिला होता. ते म्हणाले, चूक सापडली असेल तर रीतसर नोंदवा, म्हणजे ती सुटेल. नोंदवल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुटत नसते. मी जागेवर येऊन नोंदवलं. 'पश्चिमेस घर दिसत नाही.' निकडीच्या रकान्यात मी 'अतितातडीचे' निवडलं. त्यांनी आतल्या खोलीतून ते 'मध्यम' केलं.

फोन करणं मला शक्य नव्हतं. पश्चिमेची हद्द टाकीवर आल्यामुळे घर आता हद्दीबाहेर होतं, आणि हद्दीबाहेर आवाज पाठवायचा नाही. दुसऱ्या कुणाला कर म्हणूनही सांगायचं नाही, कारण ते माणूस पाठवल्यासारखंच झालं. तबस्सुमनं माझ्याकडे बघितलं, आपणहून मोबाइल उचलला आणि आमच्या घरी फोन लावला.

रिंग बाहेर वाजली. आम्ही दोघी दारात गेलो. रिंग टाकीच्या आत वाजत होती, पाण्याखालून, जाडसर. मग ती थांबली.

"उचलला," तबस्सुम म्हणाली. तिनं बराच वेळ कानाला धरून ठेवला.

"कोण आहे?"

"कुणी बोलत नाहीये. कुणीतरी तोंडात पाणी धरून बसल्यासारखं वाटतंय, ताई." ती आणखी थोडं ऐकत राहिली. "गिळत नाहीये."

तिनं फोन बंद केला आणि आम्ही आत आलो.

चूक दुरुस्त करायला तिला फार वेळ लागला नाही. पश्चिमेच्या ओळीत पश्चिमेचं नाव घातलं, सेव्ह केलं, मी पान पुन्हा उघडलं. चौकट रिकामी झाली. खिडकीतून पाहिलं तर टाकी गेली होती. तिच्या जागी पांढरं होतं. धुकं नव्हतं, भिंतही नव्हती. रिकाम्या चौकटीचं असतं ते पांढरं. रस्ता त्याच्यापर्यंत जात होता आणि मग नव्हता. सूर्य त्या पांढऱ्याच्या वर, खिडकीच्या मधल्या गजाशी, थांबलेला होता. खाली उतरायला त्याला क्षितिज नव्हतं, झाडं नव्हती, घरं नव्हती.

"असंच ठेवायचं का?" तबस्सुमनं विचारलं. "रिकामं आहे तोवर तो बुडणार नाही."

मीही तेच बघत होते. पण सूर्य न बुडता राहिला तरी घर नव्हतंच, आणि तहान काही सूर्य बघून थांबत नाही. मी तसं सांगेपर्यंत पांढऱ्याच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल रेघ उमटली. स्क्रीनवर चौकटीखालीही उमटली आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत आलं, 'हे भरणे आवश्यक आहे.' खोलीतल्या सगळ्या वस्तू तांबूस झाल्या. सूर्याला आता एक रेघ मिळाली होती. तो तिच्याकडे उतरायला लागला.

मी लिहिलं, 'आमचे घर.'

अर्जानं ते घेतलं नाही. 'नवीन हद्द आधीच्या हद्दीच्या आत असावी,' असं आलं.

ही तपासणी आम्हीच घातली होती. दुरुस्तीच्या नावाखाली लोक शेजाऱ्याची जागा आपल्यात ओढतात, म्हणून हद्द फक्त आत घेता येईल, वाढवता येणार नाही, अशी नगरपालिकेची अट होती. ती नीट चालते हे मीच बघून दिलं होतं. आता पश्चिमेची आधीची हद्द म्हणजे दाराशी आलेली टाकी होती. तिच्यापलीकडचं काहीच अर्ज घेणार नव्हता.

तबस्सुम म्हणाली, मी ती ओळच काढते. तिनं काढली, सेव्ह केली. मी पुन्हा 'आमचे घर' लिहिलं आणि पुन्हा तेच वाक्य आलं. तिनं सगळ्या फाइलींमध्ये ते वाक्य शोधलं. कुठंच सापडलं नाही.

"ताई, नियम कोडमध्ये नाहीच आता. तरी लागतोय."

"तो तुझा नाही," मी म्हटलं. "माझा आहे."

तिनं कीबोर्डवरून हात काढले. मग हळूच, अगदी माझ्याएवढ्या खालच्या आवाजात तिनं विचारलं, "एक दिवस मोडला तर?"

मोडता येतो. नियम मोडता येत नाही असं कुणीच सांगितलेलं नाही. पण मी घरी पोचल्यावर आई आधी विचारते, हद्दीत राहिलीस ना. रोज विचारते, कालही विचारलं. हद्द मोडून आले तर मला तसं सांगावं लागेल, आणि सांगितलं की ती त्या हातचं पाणी घेणार नाही. हे मी तबस्सुमला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या घरात कुणी थोडं कच्चं नाही का, ताई? मी म्हटलं, वडील होते. चहा प्यायचे चोरून, सूर्य मावळल्यावर, कोपऱ्यावरच्या गाड्यावर. ते गेल्यावर आईनं त्या गाडेवाल्याला घरी बोलावून जेवायला घातलं.

तबस्सुम हसली. मीही थोडी हसले. तेवढ्यात हळदीचा वास गेला.

आमच्या ऑफिसात हळदीचा वास बाराही महिने असतो. उत्तरेकडच्या गोदामांतून येतो, नाकाला इतका सवयीचा की तो आहे हे कळत नाही. गेल्यावर कळलं. मी उत्तरेच्या खिडकीशी गेले. गोदामांच्या जागी अ उभा होता, त्याच्यामागे ब, त्याच्यामागे क. कंपाउंडच्या भिंतीएवढे उंच, गुळगुळीत, राखाडी. दक्षिणेला तीन ड होते आणि रेल्वे गेटची घंटा ऐकू येत नव्हती.

मगदूम साहेब आतल्या खोलीत बसून स्वतः अर्ज तपासत होते.

"साहेब, ते पुसा," मी दारातून म्हटलं.

"तपासताना असंच टाकतात, मॅडम. नंतर पुसू की."

त्यांनी पुसून बघितलं. गोदामं परत आली नाहीत, कारण ती आता नव्या हद्दीबाहेर होती. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, हे एकदा खुलं झालं की पुढच्या आवृत्तीत बघू. त्यांच्या खुर्चीमागची भिंत मला जरा पुढे आल्यासारखी वाटली. त्यांना तसं वाटत असावं, कारण बोलताना त्यांनी पोट आत ओढून खुर्ची टेबलाशी घेतली.

मी जागेवर आले. पश्चिमेची चौकट अजून रिकामी होती. लाल रेघ जाड झाली होती आणि सूर्य तिच्यापासून दोन बोटांवर होता. तबस्सुम म्हणाली, काहीतरी घाला ताई, आतलं काहीतरी घाला, निदान रेघ जाईल. मी 'ऑफिसचे पुढचे दार' असं लिहिलं. ते खरं होतं, तिथवरच मी जाऊ शकत होते. अर्जानं ते घेतलं. रेघ गेली. पांढरं दाराच्या काचेपर्यंत आलं आणि सूर्य काचेला बाहेरून टेकला. परातीएवढा होता. काच हाताला कोमट लागत होती.

सेव्ह केलं आणि चौकट पुन्हा रिकामी झाली.

तबस्सुमनं पुन्हा कोड पाहिला. गाठ आता बरोबर नावाला होती, पण लिहिलेलं नोंदीत पोचत होतं आणि नोंदीतून चौकटीत परत येत नव्हतं. येण्याची बाजू कुठंतरी सुटली होती. हद्द मात्र सरकून जायची. चौकट रिकामी व्हायची, रेघ उमटायची, आणि अर्ज पुन्हा विचारायचा, पश्चिमेस काय. प्रत्येक वेळी आधीपेक्षा आतलं सांगावं लागायचं. मी पाण्याचा माठ लिहिला. मग चपलांचं कपाट. तबस्सुम सारखी एक ओळ बदलायची, मी सारखं पान उघडायचे, आणि आमच्या दोघींमध्ये कामाचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. माझे डोळे चुरचुरत होते. मनात मी जप धरून ठेवला होता, पण मध्येच तो सुटायचा आणि त्याच्या जागी पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असं चालू व्हायचं, त्याच लयीत.

मग मी 'तबस्सुमचे टेबल' लिहिलं. पांढरं तिच्या टेबलाच्या कडेशी येऊन थांबलं. ती खुर्ची उचलून माझ्या बाजूला आली नाही. तिची वायर तेवढी लांब पोचत नव्हती.

"तू इकडे ये," मी म्हटलं.

"कोड इथं आहे, ताई. सापडलंय मला बहुतेक. एकदाच अजून टाका."

"आत काय टाकू? आता तुझ्या टेबलाच्या आतलं टाकावं लागेल."

"टाका. मी बसते ना पलीकडे. घरी गेलात की आईला माझं नमस्ते सांगा."

मी लिहिलं नाही. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पण रेघ उमटली, तांबूस उजेड झाला आणि सूर्य तिच्या टेबलाच्या कडेवर उतरायला लागला, ताटाएवढा. तो तिथं टेकला तर दिवस संपला असता. मी 'माझे टेबल' असं लिहिलं. पांढरं सरकताना तबस्सुम कीबोर्डकडे बघत होती, ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं. काम अडलं की ती तसंच धरते. तिला हाक मारावीशी वाटली. पण ती आता हद्दीबाहेर होती.

पलीकडून थोडा वेळ बटणांचा आवाज येत होता. मगदूम साहेबांच्या खोलीतूनही येत होता, भिंत आणि क यांच्या मधून, बारीक. मग तोही थांबला.

माझी खुर्ची राहिली, टेबल राहिलं, स्क्रीन, पिशवी. बाकीच्या तिन्ही बाजूही सरकत आत आल्या होत्या; पाठीमागे टाकीचा ओलसर गारवा पाठीला लागत होता. डावा हात लांब केला की ड लागत होता आणि उजवा केला की अ. टेबलाच्या पश्चिमेच्या कडेवर सूर्य पेल्याच्या तळाएवढा उरला होता आणि त्याच्याखाली लाल रेघ होती. चौकट रिकामी होती. कर्सर लुकलुकत होता.

पश्चिमेस काय.

टेबलाच्या आत, माझ्या जवळ, मी काय सांगणार होते? माझा हात सांगितला असता तर हाताच्या पलीकडे काही राहिलं नसतं. मी डोळे मिटले आणि तीन वेळा देवाचं नाव घेतलं. मग डोळे उघडले आणि चौकटीत 'आई' असं लिहिलं.

अर्जानं ते घेतलं.

टेबलापेक्षा आई आत आहे, असं त्यानं धरलं. रेघ गेली. सेव्हचं बटण हिरवं झालं, ते दिवसभरात पहिल्यांदाच. मी दाबलं. चौकट रिकामी झाली नाही. 'आई' तिथंच राहिलं. तबस्सुमला सापडलं होतं.

टेबलाची कडा होती तिथं आई बसली होती, खाटेवर, उशीला टेकून, आमच्या घरी बसते तशी. तिच्या मागे पांढरं होतं. सूर्य तिच्या मागे गेला होता आणि तिच्या कानाच्या पाळ्या आतून लाल दिसत होत्या. तिचे ओठ सालपटं निघाल्यासारखे झाले होते. तिनं माझ्या दिशेला तोंड केलं. तिला आता नीट दिसत नाही.

"आलीस व्हय?"

"आले."

मी कुठं गेले नव्हते, पण ते खोटं आहे असं मला वाटलं नाही.

"दिवस हाय का अजून?"

"आहे. थोडा."

"हद्दीत ऱ्हायलीस ना?"

"राहिले, आई."

तिनं मान हलवली. तिचा चेहरा सैल झाला. काल उपवास धरल्यापासून तो तसा झाला नव्हता. तिनं हात जोडून डोक्याला लावले, पुटपुटली, आणि तोंड उघडलं.

मी पिशवीतून तांब्या काढला. फडकं दुहेरी करून पेल्यावर धरलं, पाणी गाळलं. पेला भरला, फडकं बाजूला ठेवलं, पुढे वाकले. हद्दीपर्यंत जाता येतं. हद्दीला हात लावता येतो. मी डाव्या हातानं तिच्या मानेखाली आधार दिला आणि पेला तिच्या खालच्या ओठाला टेकवला.

ओठाच्या कडेनं एक बारीक लाल रेघ उमटली होती.

तिच्या तोंडात उजेड होता. सूर्य आत होता, जिभेच्या मागच्या बाजूला, अर्धा गेलेला. मी पेला तिरका केला. पाणी काठाशी आलं, काठावर फुगलं आणि ओठाच्या रेघेशी थांबलं. पलीकडे खडासुद्धा टाकायचा नसतो. मी आणखी तिरका केला. आईच्या घशात गिळण्याची हालचाल झाली, रिकामी.

"वत की गं," ती म्हणाली.

मी पेला उपडा केला. पाणी तिच्या ओठांच्या रेघेवर पेल्याच्या आकारात उभं राहिलं, आणि त्याच्यातून पलीकडे नखाएवढा सूर्य दिसत होता.